सॅल्व्हेज गाडी कॅलिफोर्नियात परत रस्त्यावर आणली: पूर्ण प्रोसेसचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

साडेतीन स्टार. खरं तर तीनच देणार होतो, वरचा अर्धा सीएचपीच्या, म्हणजे इथल्या हायवे पोलिसांच्या, एका ऑफिसर बाईंचा आहे, त्यांच्याबद्दल खाली सांगतो. आणि शिव्या घालायच्या आधी हेही कबूल करून टाकतो की निम्मा घोळ माझ्याच आळसाचा होता, पावत्या जपून ठेवायची मला आयुष्यात सवय नाही आणि इथे सगळा खेळच पावत्यांचा निघाला.

गाडी म्हणजे २०१७ ची होंडा फिट, इन्शुरन्सच्या ऑक्शनमधून उचललेली. सॅल्व्हेज, म्हणजे मोडली म्हणून इन्शुरन्स कंपनीने निकालात काढलेली. मागून कोणीतरी जोरात ठोकली होती, टेलगेट (मागचं दार), बंपर, मागचा पॅनल आणि दोन्ही टेललाइट गेलेले, पण एअरबॅग एकही उघडलेली नाही आणि इंजिन ठणठणीत. टो ट्रकवरून उतरवली तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "ही गाडी आहे की भंगार?" म्हटलं सध्या कागदोपत्री दोन्हीच्या मधे आहे. ती हसली नाही, पण उत्तर अगदी बरोबर होतं.

कारण अमेरिकेत मालकीचा कागद वेगळा, त्याला टायटल म्हणतात, आणि रस्त्यावर चालवायची परवानगी वेगळी, ते रजिस्ट्रेशन. गाडी दुरुस्त करणं परवडत नाही असं इन्शुरन्स कंपनीने ठरवलं की ती टोटल लॉस. काही राज्यांत यासाठी टक्क्यांचा नियम आहे, म्हणजे खर्च गाडीच्या किमतीच्या इतक्या टक्क्यांवर गेला की संपलं, कॅलिफोर्नियात तसा ठरलेला आकडा नाही. मग टायटल आणि नंबर प्लेट डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, परत जातात आणि गाडीला सॅल्व्हेज सर्टिफिकेट मिळतं. ते हातात असलं की गाडी तुमची, पण चालवायची नाही. दुरुस्त करून, सगळ्या तपासण्या करून पुन्हा टायटल मिळवलं की ती "रिव्हाइव्हड सॅल्व्हेज".

इथेच एक इशारा. ऑक्शनच्या पानावर सॅल्व्हेजच्या शेजारीच "नॉनरिपेअरेबल" असाही प्रकार दिसतो आणि त्या गाड्या अजून स्वस्त असतात. त्यावर लाळ गाळू नका. नॉनरिपेअरेबल सर्टिफिकेट म्हणजे ती गाडी कॅलिफोर्नियात पुन्हा कधीच रजिस्टर होणार नाही, सोन्याने मढवली तरी नाही, फक्त पार्ट काढायला घ्यायची. माझा मित्र पक्या अशीच एक घेऊन बसणार होता, बोली लावायच्या दहा मिनिटं आधी फोनवर मला लिंक पाठवली म्हणून वाचला. म्हटलं अरे गाढवा, तो शब्द वाच ना आधी. आणि बोली लावायच्या आधी एनएमव्हीटीआयएसचा रिपोर्ट काढा. ही टायटल्सची देशपातळीवरची नोंद आहे, १९९२ च्या गाडीचोरीविरोधी कायद्यातून आलेली, आणि २००९ पासून इन्शुरन्स कंपन्या आणि जंकयार्डवाल्यांनाही त्यात माहिती द्यावी लागते. मोजक्या डॉलरचं काम आहे. पुरात बुडालेली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन टायटलवरचा डाग "धुवायचा" धंदा चालतो, त्यावर हा बऱ्यापैकी उपाय आहे.

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही, तीन शनिवार-रविवार, जंकयार्डमधून राखाडी टेलगेट (गाडी निळी आहे), मागचा पॅनल एका ओळखीच्या बॉडीवाल्याकडून वेल्ड करून घेतला, बाकी नटबोल्टचं काम. मजा आली. मजा तिथेच संपली.

आता सर्व्हिसचा खरा रिव्ह्यू.

सुरुवात मी चुकीच्या दारातून केली. व्हिन म्हणजे गाडीचा १७ अक्षरी नंबर, तो सरकारमान्य माणसाने प्रत्यक्ष बघून फॉर्म भरून द्यावा लागतो. रेग ३१ नावाचा फॉर्म आहे. हे काम करणारे परवानाधारक खाजगी व्हेरिफायर असतात, घरी येतात, दहा मिनिटांत काम. मी एकाला बोलावला. नाव घेत नाही. गोड बोलला, ९० डॉलर घेतले, डॅशबोर्डवरचा नंबर बघितला, दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर बघितलं, सही केली, गेला. नंतर कळलं की सॅल्व्हेज गाडीचं व्हेरिफिकेशन खाजगी व्हेरिफायरला चालतच नाही, ते डीएमव्ही किंवा सीएचपीनेच करायचं असतं. त्याला फोन केला तर म्हणे तुम्ही सॅल्व्हेज आहे असं सांगितलं नव्हतं. अरे बाबा, गाडीला मागे बंपर नव्हता तेव्हा आणि टेलगेट वेगळ्या रंगाचं होतं, तुला काय वाटलं फॅशन आहे? त्याला शून्य स्टार, आणि फॉर्म न वाचता ९० डॉलर देणाऱ्या मलाही शून्य.

नंतर सेफ्टी तपासणी. आधी इथे ब्रेक आणि लॅम्पची दोन वेगळी सर्टिफिकेट असायची, २०२४ मध्ये ती पद्धत बंद होऊन व्हेइकल सेफ्टी सिस्टिम्स इन्स्पेक्शन असं एकच आलं, ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरचा परवाना असलेल्या स्टेशनकडून करून घ्यायचं. जुने लेख, जुने व्हिडिओ बघून जाल तर फसाल, त्यात सगळे ब्रेक अँड लॅम्पच सांगत असतात. नवीन तपासणी जास्त खोलात जाते, ब्रेक आणि लाइट तर आहेतच, शिवाय स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, सीटबेल्ट, एअरबॅगची सिस्टिम, हे सगळं. मला हा बदल पटला. सॅल्व्हेज गाड्यांमध्ये सगळ्यात घाणेरडी चोरी एअरबॅगची असते, उघडलेली एअरबॅग काढून नुसतं कव्हर बसवायचं आणि वॉर्निंगचा दिवा जुगाड करून विझवायचा. माझ्या एअरबॅग मूळच्याच होत्या म्हणून मी निवांत होतो, पण एका टेललाइटच्या आत पाणी जमलं होतं त्यावर अडवलं. योग्यच अडवलं. चार स्टार, एक कापला कारण अपॉइंटमेंटला दोन आठवडे लागले.

मग स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी, आणि इथे खरी भानगड. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेल्डिंग करताना बॅटरी काढावी लागते. बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरमधले ते मॉनिटर, म्हणजे कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरे स्वतःच स्वतःची तपासणी करून "मी तयार" म्हणणारे, सगळे पुसले जातात. ते पुन्हा तयार व्हायला गाडी चालवावी लागते, थंड स्टार्ट, थोडं शहरात, थोडं हायवेवर. आणि गाडी चालवायला तर रजिस्ट्रेशन पाहिजे, जे स्मॉगशिवाय मिळत नाही! आधी लगीन कोंढाण्याचं की रायबाचं, तसं झालं. डीएमव्ही एका दिवसाचं मूव्हिंग परमिट देते, तपासणीच्या जागी गाडी नेण्यापुरतं. मी काय केलं ते सांगतो, बेकायदा काही केलं नाही, फक्त घराजवळचं स्मॉग स्टेशन सोडून जरा लांबचं निवडलं. बरंच लांबचं. पोचेपर्यंत एक सोडून सगळे मॉनिटर तयार, राहिला तो इव्हॅपचा, म्हणजे पेट्रोलच्या वाफेचा. हृदय धडधडत होतं पण तंत्रज्ञ म्हणाला की २००० सालानंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅप अपूर्ण असला तर चालतो. पास. त्याला पाच स्टार, माणूस कमी बोलतो पण कामाचं बोलतो.

डीएमव्हीच्या खिडकीबद्दल लोक खूप वाईट लिहितात. मला तिथे वाईट असं काही आढळलं नाही, फक्त तुमचे कागद पूर्ण असले पाहिजेत, नसले तर ती खिडकी म्हणजे भिंत आहे. लागतं काय तर सॅल्व्हेज सर्टिफिकेट, रेग ३४३ चा अर्ज, सेफ्टीचं सर्टिफिकेट, स्मॉग, फी आणि गाडी बाहेर पार्किंगमध्ये उभी, कारण तिथला माणूस येऊन व्हिन बघतो. तो आला, बघितलं, टेलगेटकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाला, सीएचपीकडे पाठवतोय. काही गाड्या ते असे पुढे पाठवतात. मला वाटलं आता संपलं, पण तिथेच या सगळ्या प्रोसेसमध्ये काय चाललंय ते पहिल्यांदा कळलं.

सीएचपी म्हणजे कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल, पोलिसच. अपॉइंटमेंट घेऊन गेलो. ऑफिसर बाई पन्नाशीच्या, हातात टॉर्च आणि छोटा आरसा. त्यांनी गाडी कशी चालते ते विचारलंच नाही. ब्रेक बघितले नाहीत, वेल्डिंगकडे बघून "छान" एवढंच म्हणाल्या. सगळा वेळ नंबर शोधण्यात. डॅशबोर्डवरचा, चौकटीवरचा, आणि बाकी जिथे कुठे असतात तिथले, त्यातल्या एका जागी आरसा घालताना मला म्हणाल्या, जरा तिकडे बघता का. म्हणजे मी बघू नये म्हणून. मग म्हणाल्या, आता टेलगेटची पावती.

पावती होती. जंकयार्डची, चुरगाळलेली, "टेलगेट" लिहिलेलं आणि किंमत. त्या म्हणाल्या हे टेलगेट कुठल्या गाडीचं? म्हटलं राखाडी फिटचं. तर म्हणे राखाडी फिट या राज्यात किती असतील, मला त्या गाडीचा व्हिन हवा. वापरलेल्या मोठ्या पार्टच्या पावतीवर तो ज्या गाडीतून निघाला तिचा नंबर हवाच. माझ्याकडे नव्हता. पण बाईंनी परत पाठवलं नाही. टेलगेटच्या आतल्या बाजूला जंकयार्डवाल्याने पिवळ्या मार्करने स्टॉक नंबर लिहिला होता, रंग दिला नव्हता म्हणून तो अजून दिसत होता, तो त्यांनी टॉर्चने मला दाखवला आणि म्हणाल्या त्यांना फोन करा, मी पुढची गाडी बघून येते. पार्किंगमध्ये उभं राहून फोन केला, यार्डवाल्याने स्टॉक नंबरवरून डोनर गाडी शोधून व्हिन असलेली नवीन पावती ईमेल केली, वीस मिनिटं. बाई परत आल्या, आपल्या यादीत तो नंबर चोरीचा नाही ना ते तपासलं, सही.

जाता जाता मी विचारलं की गाडी नीट जोडलीय का यापेक्षा टेलगेटच्या पावतीची एवढी काळजी का. तर म्हणाल्या, चोराला तुमच्यासारखी मोडकी सॅल्व्हेज गाडी हवी असते, दुरुस्तीसाठी नाही तर कागदासाठी. स्वस्तात ठोकलेली फिट घ्यायची, तसलीच चांगली फिट चोरायची, पहिलीचा नंबर दुसरीला लावायचा आणि "दुरुस्त केली" म्हणून इथे आणायची. कागद एकीचा, अंग दुसरीचं. दुरुस्ती खरी असेल तर तिच्या पावत्या असणारच, नाही का. म्हणजे मी इतके दिवस जे समजत होतो की सरकार माझं मेकॅनिकल काम तपासतंय, ते काम तर सेफ्टी स्टेशनवरच उरकलं होतं. इथे गाडीची वंशावळ तपासली जात होती.

हे एकदा डोक्यात बसलं की सगळे विचित्र वाटणारे नियम सरळ वाटायला लागतात. पार्ट घेताना प्रत्येक पावतीवर डोनरचा व्हिन लिहून मागा, विकणारा खाजगी माणूस असेल तर त्याचं नाव, पत्ता, सही असलेलं बिल ऑफ सेल. आधीचे फोटो काढा, जोडताना काढा. नवीन पार्टला रंग द्यायची घाई करू नका, त्यावरचे मार्करचे नंबर, स्टिकर हे तुमचे साक्षीदार आहेत. बऱ्याच मॉडेलला दरवाजे, बॉनेट, बंपर अशा मोठ्या पार्टवर व्हिनचं छोटं स्टिकर असतं, ते खरवडलं की पार्ट चांगला असूनही संशयित. आणि व्हिनच्या पट्टीला तर हातच लावू नका, ती जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं फेडरल गुन्हा आहे.

पक्याची गोष्ट वेगळीच, तो वाचला त्या नॉनरिपेअरेबलमधून आणि पडला कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या किटमध्ये. फ्रेम आणि बॉडी खोक्यातून येते, इंजिन गिअरबॉक्स आपण आणायचं, गॅरेजमध्ये बसून जोडायचं. ही "स्पेशली कन्स्ट्रक्टेड" गाडी. लक्षात घ्या, जुनी मस्टँग पूर्ण खोलून मूळ डिझाइनप्रमाणेच परत जोडली तर ती यात बसत नाही, ती मस्टँगच राहते. पक्याला नेहमीच्या कागदांशिवाय रेग ५०३६ हे बांधणीचं निवेदन पण भरायचंय, किट कंपनीचा ओरिजिन सर्टिफिकेटचा कागद, इंजिनची पावती, आणि व्हिन नाहीच म्हटल्यावर सीएचपी निळी पट्टी बसवून नवीन नंबर देते. त्याला मी म्हटलं पावत्या ठेव, तर त्याने नटबोल्टच्या पुड्यांच्या पण फाइल केल्यात, रंगीत सेपरेटर लावून. ऑफिसर बाई त्याला बघून खूश होतील.

पण त्याची अडचण धुराची आहे. आज बांधलेली गाडी आजच्या सालची धरली तर आजचे प्रदूषणाचे नियम लागणार, आणि गॅरेजमध्ये बांधलेली व्ही-एट इंजिनची गाडी ते पाळेल हे विसरा. त्यासाठी कॅलिफोर्नियात एसबी १०० नावाचा कायदा आहे, गाडी ज्या सालच्या मॉडेलसारखी दिसते त्या सालचे धुराचे नियम लावून घ्यायचे. कोब्रा दिसते १९६५ ची, आणि १९७५ आणि आधीच्या पेट्रोल गाडीला स्मॉगच नाही. झालं ना काम? नाही. ही सवलत वर्षाला फक्त ५०० गाड्यांना, आधी येईल त्याला, त्यासाठी डीएमव्हीतून सिक्वेन्स सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग सरकारी रेफरी गाडी बघून शिक्का लावणार. त्यामुळे पक्याचं कॅलेंडर जानेवारीत सुरू होतं. दिवाळीला भेटला तर फराळ खाताना पण म्हणतो, अरे वर्षाच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी किती वाजता उघडतं रे ऑफिस.

बाहेरच्या राज्यात राहणाऱ्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका, प्रत्येक राज्याचं टायटलचं खातं वेगळं. ॲरिझोनात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत आणि दुरुस्त केलेली सॅल्व्हेज गाडी थेट तिसऱ्या पातळीला जाते. टेक्सासात रिबिल्टचं वेगळं निवेदन भरायचं असतं. कागदच हरवलेल्या गाडीला बऱ्याच राज्यांत बाँडेड टायटल मिळतं, म्हणजे गाडीच्या किमतीच्या पटीत बाँड, म्हणजे हमी, घ्यायचा आणि काही वर्षं खरा मालक उगवला नाही तर टायटल पक्कं. आणि कोणी तुम्हाला व्हर्मॉन्टचा पोस्टाने रजिस्ट्रेशन मागवायचा शॉर्टकट सांगितला, जुन्या गाडीला टायटलशिवाय कागद मिळवायचा, तर ते २०२३ पर्यंतचं होतं, बाहेरच्या लोकांसाठी आता तसं राहिलेलं नाही.

वेळेचं म्हणाल तर माझे दोन महिने गेले, त्यातले कामाचे दिवस सहा, बाकी अपॉइंटमेंटची वाट बघणं. अर्धा दिवस तर फक्त ती पावती शोधण्यात, सोफ्याच्या गादीखाली मिळाली.

एक गोष्ट घेतानाच माहीत असू द्या. टायटल परत मिळतं पण त्यावर "सॅल्व्हेज्ड" असं छापून येतं आणि ते आयुष्यभर राहतं, विकताना भाव पडतोच. इन्शुरन्समध्ये लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी, लगेच मिळाली, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी द्यायला दोन कंपन्यांनी नकार दिला, तिसरीने फोटो, पावत्या सगळं मागून मग दिली. हो, तीच पावत्यांची फाइल. विकून नफा कमवायचा विचार असेल तर आकडे आधी नीट मांडा. दहा वर्षं स्वतः चालवायची असेल तर मला तरी पटलं.

टायटल पोस्टाने आलं त्या दिवशी बायकोला दाखवलं. तिने "सॅल्व्हेज्ड" वाचलं, मग खिडकीतून गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तरी ते राखाडी टेलगेट निळं कर." करणार आहे. फक्त पिवळ्या मार्करच्या नंबराचा फोटो काढून ठेवतो आधी.